चोवीस एप्रिलची राखण

५ जानेवारी, सोमवार. सकाळ.
जुनीच वही उलटी करून लिहायला घेतली. पुढच्या बाजूला हार्मोनियमचे धडे आहेत. तिसऱ्या धड्याला भाता फाटला, त्यात माझा दोष नाही.
यंदाचा संकल्प: प्रोग्रामिंग. रबाळ्याच्या कारखान्यात उभा जन्म मशिनी दुरुस्त केल्या, एकाही मशिनीचं पुस्तक उघडलं नाही. कान लावला की मशीन बोलते. कॉम्प्युटर तरी कोण मोठा लागून गेलाय?
उन्नतीने, म्हणजे आमच्या रूपेशच्या पोरीने, तिचा जुना लॅपटॉप दिला. ती महापेला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. म्हणाली, "आजोबा, पत्त्यांचा गेम टाकून देते, वेळ जाईल." मी नुसता हसलो. लहान आहे.
रोज पहाटे पाचला उठून एक धडा. उद्यापासून.

९ जानेवारी, शुक्रवार.
पाचला उठणं थंडीमुळे जमलं नाही. सातला उठलो, पण मन पाचपासून जागं होतं.
मोठी बातमी. उन्नतीचं ठरलं. मुलगा शिवतेज, कामोठ्याचा. पोरगा बरा आहे, फक्त जेवताना कमी बोलतो. लग्न बहुतेक एप्रिलच्या पंचवीसला, म्हणजे आपल्याकडची हळद चोवीसला.
हळद कुठे यावर घरात चर्चा नको म्हणून मी आधीच सांगून टाकलं: खाडीकडच्या शेवंती हॉलमध्ये. तो हॉल उभा आहे तिथे आमचं मिठागर होतं. मी आणि चुलतभाऊ कुंदन, दोघं बापांच्या मागे फावडी धरून मीठ ओढायचो. पायांच्या भेगांत खारं पाणी शिरलं की एका सुरात बोंबलायचो. आगर गेलं, भराव आला, भरावावर हॉल आला. हॉल तर हॉल. जागा तीच.
उन्नतीच्याही मनात तेच. म्हणाली, "तिथेच आजोबा. दुसरीकडे मला हळद लागणारच नाही." तिला शब्द दिला.

११ जानेवारी, रविवार. दुपार.
उन्नतीने मोबाइलवर हॉलची साइट उघडली, चोवीस एप्रिलवर बोट ठेवलं. हिरवी अक्षरं आली: ही तारीख अर्धा तास तुमच्यासाठी राखून ठेवली आहे, फॉर्म भरा. ती म्हणाली, भरू? मी म्हणालो, थांब. कामोठ्याच्या व्याह्यांनी तारीख पक्की करायला गुरुवारपर्यंत मुदत मागितली आहे. त्यांच्याआधी हॉल धरला तर मुलीकडचे उतावळे म्हणून नाव पडायचं.
कुंदन बाजूलाच बसला होता. म्हणाला, "देवजी, चल बस स्कूटरवर. हॉलवर जाऊ, हातान सुपारी देऊ नी येऊ. व्याह्याचा व्याही बघंल."
मी त्याला प्रेमाने समजावलं की सुपारीचे दिवस गेले. गुरुवारपर्यंत माझा प्रोग्राम तारखेवर राखण ठेवील. पिकल्या भातावर माळा बांधून राखणदार बसतो ना, तसा. पाखरू उतरलं की हाकारा.
कुंदन म्हणाला, "नी राखनदार झोपला म्हंजे?"
हा झोपत नसतो, मी म्हणालो. कुंदन चहा न घेताच उठला. वाचन नसलं की असं होतं. आम्ही दोघांनी शाळा एकाच दिवशी सोडली, पण मी नंतर वाचत राहिलो.

१२ जानेवारी, सोमवार.
उन्नती कामावरून आल्यावर तिला धरून बसवलं. तिने छान सांगितलं. ब्राउझर म्हणजे घराचं पुढचं दार, पाहुणे तिथून येतात. सर्व्हर म्हणजे मागची पडवी, कामं तिथे होतात. आपला प्रोग्राम मागच्या पडवीतून दुसऱ्याच्या साइटला परस्पर विचारून येणार. विचारायला एक छोटीशी लायब्ररी, म्हणजे कोणी तरी आधीच लिहून ठेवलेला तयार प्रोग्राम, लागते, ती एका ओळीत बोलावली. अगदी हलकी. तिला मागचं काहीच लक्षात राहत नाही, दर वेळी नवा माणूस होऊन जाते, असं उन्नती म्हणाली. मला ही लायब्ररी आवडली. मागचं लक्षात ठेवणाऱ्यांमुळेच घरं मोडतात.
सॉकेट आणि वायफाय दोन्ही धड मिळतात ते स्वयंपाकघरात, तांदळाच्या पिंपाजवळ. लॅपटॉप पिंपावर ठेवला. आता हा सर्व्हर. सर्व्हर हलवायचा नसतो आणि बंद तर नसतोच करायचा. गोजराला तसं बजावलं. ती म्हणाली, "नी तांदूल कसं कारू?"
बायकोला तांत्रिक गोष्टी सावकाश सांगाव्या लागतात.

१३ जानेवारी, मंगळवार.
प्रोग्राम लिहिला. चालवला. पडद्यावर दोनच शब्द: प्रॉमिस, पेंडिंग. म्हणजे वचन दिलेलं आहे, पुरं व्हायचं तेवढं बाकी. पहिल्याच दिवशी वचन! व्याह्यांनीसुद्धा इतक्या लवकर दिलं नाही. गोजराला पेढे आणायला सांगितले. तिने कोथिंबीर आणली.
संध्याकाळी उन्नतीने बघितलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाली, "आजोबा, तुम्ही दारात जाऊन विचारलंत, आणि उत्तर यायच्या आत घरी परत! अवेट लिहा. विचारलं की थांबायचं." लिहिलं. वाट बघणं मला जमत नाही हे खरं, पण तो माझा कामसूपणा आहे.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत.
उत्तर आलं! वर आकडा २००. किती पैकी ते दिलेलं नाही, पण कमी नसावेत.
खाली तीच हिरवी अक्षरं, तारीख राखून ठेवली आहे. येणारच. पत्ता मी उन्नतीच्या मोबाइलवरूनच उतरवून घेतला होता, तारखेवर बोट ठेवल्यानंतर वर जो येतो तो, अक्षर न् अक्षर.
एक सुधारणा मात्र पूर्ण माझी. कोणाच्या दारात गेलं की आधी आपलं नाव, बापाचं नाव, गाव सांगावं, मग विचारावं. आगऱ्याचा पोर दारात मुक्याने उभा राहत नाही. लायब्ररीत तशी सोय निघाली, मागणीच्या डोक्यावर आपली ओळख लिहायची. मराठीत लिहिली तर ती रुसली. मग इंग्रजी अक्षरांत लिहिली: नमस्कार, देवजी हाशा घरत, उलवे, मुलीचा आजोबा. निमूट घेतली.
दर दहा मिनिटांनी जाऊन विचारायचं असं लावून दिलं आणि पतंग बघायला गच्चीवर गेलो. निर्धास्त.
कुंदन तिळगूळ द्यायला आला नाही. दरवर्षी पहिला येतो.

१५ जानेवारी, गुरुवार.
व्याह्यांचा फोन. चोवीस पक्की! मी ऐटीत मोबाइल घेतला, तारखेवर बोट ठेवलं.
लाल अक्षरं. दुसरे ग्राहक या तारखेचा विचार करत आहेत, थोड्या वेळाने प्रयत्न करा.
थोड्या वेळाने केला. लाल. जेवून केला. लाल. वामकुक्षी करून केला. लाल.
कोणाचा तरी डोळा आहे आपल्या चोवीस एप्रिलवर. बरं झालं मी वेळेवर राखण बसवली.

१७ जानेवारी, शनिवार.
प्रतिस्पर्धी चिवट आहे. घेतही नाही, सोडतही नाही. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून बिडी ओढायला जाणाऱ्यांतला दिसतो.
उपाय केला. आता दर मिनिटाला विचारायचं. पंगतीत पाहुणा एकदा नको म्हणाला म्हणून वाढपी पुढे जातो का? शिवाय हिरवं उत्तर आलं की लॅपटॉपने भोंगा द्यायचा. रिटायर होताना आमच्या कारखान्याचा भोंगा आठवण म्हणून रेकॉर्ड केला होता, तो कामी आला.
सकाळी भोंगा झाला. हिरवं! धावत मोबाइल घेतला, बोट ठेवलं. लाल.
अर्ध्या तासाने पुन्हा भोंगा. लॅपटॉपवर हिरवं. मोबाइलवर बोट ठेवलं, लाल.
दिवसभर हाच खेळ. एकदा अंघोळीतून तसाच बाहेर आलो. तेव्हा शेजारच्या पुतळाबाई हळदीकुंकवाचं सांगायला आल्या होत्या. त्यांना प्रोग्रामिंग समजत नाही.

१९ जानेवारी, सोमवार.
भोंगा मोजून अर्ध्या-अर्ध्या तासाने होतो. हिरवं दिसतं आणि माझं बोट पोचायच्या आत तो हजर. जेवत नाही, झोपत नाही, चुकत नाही. शत्रू असला तरी मनातून कौतुक वाटतं. असा माणूस आपल्या बाजूला असता तर हॉल कधीच मिळाला असता.
घरात भात नाही. तांदूळ आहे, पण तो सर्व्हरच्या खाली. परवापासून आगऱ्याच्या घरात पाव चालू आहे. गोजरा म्हणाली, "घरान म्हावरा हाय नी भात नाय. कोनाला सांगाची पन लाज वाटते. तो डबा उचला नायतर मी उचलतंय."
मी तिला म्हणालो, मोठ्या कामात त्याग असतो. तिने बोंबलाचं कालवण माझ्यापुढे ठेवलं आणि पावाची लादी जरा जोरात ठेवली.

२१ जानेवारी, बुधवार.
उन्नती म्हणाली, "आजोबा, एकदा प्रोग्राम बंद करून बघूया का?" ऐन लढाईत राखणदाराला माळ्यावरून उतरवतात का? निदान बघू तरी द्या, म्हणाली. नाही दिला. तिला आयतं मिळालं असतं तर माझं शिकणं कुठे राहिलं?
तिने हॉलला फोन लावला. सतत बिझी. धंदा जोरात आहे त्यांचा.
ती कंपनीच्या कामाने आठवडाभर पुण्याला चालली आहे. बॅग भरता भरता म्हणाली, "नाही मिळाला तर राहू दे आजोबा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मांडव घालू." आणि चेन अडकली नव्हती तरी बॅगेच्या चेनशी खूप वेळ खटपट करत राहिली.
पार्किंगमध्ये! माझ्या आगराच्या जागेवर दुसऱ्या कोणाची तरी पोर पिवळी होणार आणि माझी नात दोन गाड्यांच्या मध्ये. नाही. शब्द दिला आहे.

२३ जानेवारी, शुक्रवार. संध्याकाळ.
शत्रू सापडला.
दुपारी पाव आणायला मुद्दाम खाडीकडच्या रस्त्याने गेलो. शेवंती हॉलच्या गेटात स्कूटर. निळी, मागे मासळीच्या टोपलीसाठी लोखंडी जाळी. कुंदनची.
सगळं जुळलं. त्याच्या धाकट्याचंही यंदा बघतायत. म्हणून तिळगूळ नाही. म्हणून राखणदार झोपला तर काय असं खोदून विचारत होता. त्याला स्वतःला मोबाइलवर फोटो उलटा दिसला तर मान उलटी करतो, पण त्याने कोणी तरी हुशार पोरगा बसवला असेल.
पाचच्या सुमारास तो स्वतःच दारात. "देवजी, आयक जरा, हॉलवर..." एवढंच बोलला. मी पुढचं बोलू दिलं नाही. म्हणालो, लहानपणी ज्याच्या भेगांना मी माझ्या हाताने एरंडेल चोळलं, त्याने माझ्या नातीची हळद पळवावी?
तो बघतच राहिला. "तुजा डोका फिरलाय काय रं?" म्हणाला. मी दार लावलं. नेमका तेव्हाच भोंगा झाला, त्यामुळे प्रसंगाला वजन आलं.
आतून गोजरा म्हणाली, "भावाच्या तोंडावर दार लावलंव? आता तुमाला पाव पन नाय भेटाचा."
संकल्प: कुंदनशी जन्मात बोलायचं नाही. हा उद्यापासून नाही, आजपासून.

२५ जानेवारी, रविवार.
निकराचा उपाय. दर सेकंदाला विचारायचं.
लॅपटॉप तापला आहे. गोजराने पिंपाला हात लावून सांगितलं की तांदूळ आतच शिजायला आलेत, नुसतं पाणी घालायचं बाकी आहे. टोमणा होता बहुतेक.
दुपारनंतर आकडा एकदम वाढला. २०० वरून ४२९! दुपटीच्या वर. मास्तर खूश असल्याशिवाय इतके देत नाही. खाली एक ओळ: तुम्ही फार वेळा विचारत आहात. ही बहुधा कुंदनला उद्देशून.
मोबाइलवरही तेच येतंय. भोंगा थांबला. घर सुनं सुनं वाटतं.

२७ जानेवारी, मंगळवार. सकाळ.
आज आकडा ४१८. किंचित घसरला, पण खालची ओळ वाचून खुर्चीतून उठलो. शब्दकोश लावून पाहिलं, अर्थ एकच निघतो: मी चहाची किटली आहे.
उन्नती मीटिंगमध्ये, फोन उचलत नाही. मला तिची गरजही नाही. आपल्याकडे पक्की बोलणी चहावरच होतात. उघड लिहिलं तर कुंदनला कळेल, म्हणून त्यांनी खुणेने लिहिलं. चहाला बोलावलंय!
पांढरा सदरा, टोपी, नारळ आणि सुपारी. सुपारीचे दिवस गेलेत हे खरं, पण रिकाम्या हाताने कसं जायचं.

त्याच दिवशी. संध्याकाळ.
हॉलच्या ऑफिसात राजश्री नावाच्या मॅनेजरबाई होत्या. मी रीतीप्रमाणे ओळख दिली. नमस्कार, देवजी हाशा घरत, उलवे, मुलीचा आजोबा.
बाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. मला वाटलं, मान. त्यांनी आत हाक मारली, "अरे बाहेर या सगळे, नमस्कारकाका आले!" हिशेबाचा माणूस आला, झाडूवाली आली, लायटिंगवाला शिडीवरून उतरून आला. सगळे माझ्याकडे टक लावून.
मग बाईंनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. पडद्यावर वरपासून खालपर्यंत मीच. नमस्कार, देवजी हाशा घरत. नमस्कार, देवजी हाशा घरत. बाई बोटाने पान सरकवत होत्या आणि मी काही संपत नव्हतो.
म्हणाल्या, "काका, तारखेवर बोट ठेवलं की ती अर्धा तास त्या माणसासाठी बाजूला निघते, बाकीच्यांना लाल दिसतं. तुमचं यंत्र यायचं, बोट ठेवायचं, अर्धा तास बसायचं. फॉर्म नाही, काही नाही. वेळ संपली की नवा माणूस बनून पुन्हा बोट. चोवीस तारीख कोणालाच दिसेना. दिवसभर लोकांचे शिव्यांचे फोन. शेवटी साइटवाला वैतागला, म्हणाला, या काकांना किटली लावतो. नको असलेल्या यंत्राला हाकलायची त्यांची थट्टा असते ती."
मी विचारलं, पण माझ्या मोबाइलवर दुसरा ग्राहक यायचा तो?
"तुम्हीच की!"
सगळे माझ्याकडे बघत होते. मी नारळाची शेंडी नीट केली.
म्हणजे तो शिस्तीचा माणूस. न जेवणारा, न झोपणारा.
चहाचं कोणी विचारलं नाही.
तारीख मोकळी आहे का, विचारलं. बाई म्हणाल्या, गेली. "एक गृहस्थ रोज दुपारी येऊन बाहेर बाकावर बसायचे. मुठीत सुपारी. मी रोज सांगायची, काका, कोणी तरी धरून ठेवलीय. ते म्हणायचे, बसतो, सुटंल कवातरी. काल किटली लागली, तारीख सुटली, लगेच त्यांना दिली. कुंदन घरत."
आवाज चढवायला मी तोंड उघडलं. कोणाच्या हळदीला, म्हणालो.
"उन्नती घरत. मी म्हटलं, मुलीकडचं कोणी आलं नाही? तर म्हणाले, मुलीचा आजोबा बिझी हाय."
नारळ टेबलावर ठेवून उठलो. बाई म्हणाल्या, हा कशाला? मी म्हणालो, किटलीला.

२८ जानेवारी, बुधवार. पहाटे पाच.
पाचला उठलो. संकल्प पुरा झाला. झोपच नव्हती, पण ते मोजायचं नसतं.
लॅपटॉप बंद केला, पिंपावरून उतरवला. गोजराने झाकण उघडलं, तांदूळ काढून घेतला. एखादा टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. उन्नतीला रात्रीच फोनवर सगळं सांगितलं होतं. आधी ती हसली, मग म्हणाली, "आजोबा, कुंदनआजोबांकडे गेलात का?"

त्याच दिवशी. रात्रीच्या जेवणाआधी. भात आहे.
सकाळी कुंदनच्या दारात गेलो. एकदाच हाक मारली. त्याची बायको रंजिता बाहेर आली. नाव-गाव सांगायची वेळ तिने आणली नाही. "हायत. बसा," म्हणाली आणि आत गेली.
ओटीवर बसलो. पुन्हा हाक मारावीशी वाटली. नाही मारली. थोड्या वेळाने पुन्हा वाटली. टोपी काढून मांडीवर ठेवली. ऊन पायरीवरून ओटीवर आलं, माझ्या पायांवर आलं. आतून भांड्यांचा आवाज येत होता, कुंदन खोकत होता, म्हणजे घरात होता. बसून राहिलो.
शेवटी तो आला. माझ्या शेजारी बसला, समोर बघत.
"राखनदार उतरला काय माल्यावरशी?"
उतरला, म्हणालो.
"धवलारीन सांगितलीस?"
हळदीला गाणी म्हणायला धवलारीण लागते, ती आधी सांगून ठेवावी लागते, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. नाही, म्हणालो.
"मंग ऊठ. दुसऱ्या कोनी नेली तर बोंबलशील."
त्याच्या मागे स्कूटरवर बसलो, लोखंडी जाळीला धरून. धवलारणीकडे साधा फोन, तोही बहुतेक वेळ उशीखाली. वाटेत सुचलं, पंचक्रोशीतल्या सगळ्या धवलारणींच्या तारखा एका जागी आणणारा एक छोटासा प्रोग्राम लिहिला, अगदी हलका, तर... कुंदनला सांगायला तोंड उघडलं. खाडीवरचा खारा वारा भसकन आत गेला. मिटलं.